घशात अडकलेलं दव

मी एक जुना ड्रॉपर आहे, मित्रांनो. बोटभर काचेची नळी, वर रबरी टोपी आणि खाली इतकं बारीक तोंड की त्यातून मुंगीलासुद्धा एक डोळा मिटूनच बघावं लागेल. जुना म्हणजे किती जुना, ते विचारू नका. काचेला सुरकुत्या पडत नाहीत, त्याचा मी पुरेपूर फायदा घेतो.

आमचं घराणं औषधातलं. माझा एक भाऊ डोळ्यांत गेला, एक नाकात गेला आणि एक चुलतभाऊ कानात गेला. कानात राहून राहून त्याला लोकांच्या इतक्या भानगडी कळल्या की शेवटी त्याला कुठल्याच बाटलीत कोणी ठेवून घेईना. मी एकटाच फुलांत गेलो. आणि फुलं तरी कसली, तर साखरेची.

पण आधी जन्माचं सांगतो. भट्टीपाशी बसलेल्या कारागिराने एक काचेची नळी मधोमध तापवली. ती मऊ झाली तशी त्याने दोन्ही हातांनी ओढली. मधला भाग ताणत ताणत केसाएवढा बारीक झाला आणि तुटला. एका नळीचे दोन ड्रॉपर झाले. एक मी, दुसरा माझा जुळा. आम्हाला वेगवेगळ्या खोक्यांत टाकलं आणि आमची भेट परत झाली नाही. एकाचे दोन होताना फार मोठा आवाज होत नाही, मित्रांनो. ‘टक्’ एवढंच होतं. तो आवाज मला पुढे आणखी एकदा ऐकायला मिळाला.

औषधाच्या दुकानातून मला धाकटीने आणलं. त्या दोघी बहिणी होत्या, एक थोरली आणि एक धाकटी. मला सगळं आठवतंय.

“सगळ्यात बारीक थेंब पाडणारा द्या,” धाकटी म्हणाली.

“कोणाला घालायचाय?” दुकानदाराने विचारलं.

“गुलाबाला.”

“काय होतंय त्याला?”

“कोरडा दिसतो.”

दुकानदाराने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग मला कागदात गुंडाळत म्हणाला, “दिवसातून दोनदा. जेवणानंतर.”

बहिणींचं काम एका बेकरीच्या मागच्या खोलीत चालायचं. खोलीला एकच खिडकी, आणि खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. मधे गुळगुळीत दगडी टेबल. छताला पंखा होता, पण तो कायम बंद, कारण वारा लागला की पातळ पाकळी हातातल्या हातात वाळते आणि तडकते. त्यामुळे उन्हाळ्यात दोघी घामाघूम आणि फुलं मात्र ऐटीत. कोपऱ्यात एक जुना फ्रीज सारखा कुरकुरत उभा असायचा. त्याचं आणि माझं पहिल्यापासून पटलं नाही. का, ते कळेलच.

थोरली फुलं करायची. साखरेची कणीक लाटून ती इतकी पातळ करायची की खालच्या दगडावरचे डाग दिसावेत. मग पाकळी कापायची, स्पंजवर ठेवून तिच्या कडा चुरगाळल्यासारख्या करायची आणि एकेक पाकळी तारेभोवती चिकटवत जायची. तयार झालेले गुलाब थर्माकोलच्या ठोकळ्यात खोचून वाळत ठेवलेले असायचे. शाळेत प्रार्थनेला उभी राहिलेली मुलं दिसतात ना, तसे. सरळ, स्वच्छ आणि एकालाही काही बोलायची परवानगी नाही.

मग धाकटी यायची आणि त्यांच्यावर दव पाडायची.

तुम्हाला वाटेल त्यात काय मोठं, पाणी शिंपडलं की झालं. साखरेच्या फुलावर पाण्याचा थेंब टाकून बघा. आधी फूल थेंबाला पितं, मग थेंब फुलाला पितो, आणि शेवटी तुमच्या हातात नुसती तार राहते. आमचं दव ग्लुकोजच्या घट्ट पाकाचं असायचं. धाकटी तो वाटीत कोमट करायची आणि स्टीलच्या ताटलीवर एक थेंब टाकून बघायची. पसरला तर पाक पातळ, तार निघाली तर पाक थंड. मसुरीच्या दाण्यासारखा गोल बसला, की ती म्हणायची, “चल रे, सकाळ झाली.” हे ती मला म्हणायची. दुपारचे चार वाजले असले तरी.

सुरुवातीला आमचे थेंब अगदीच वाईट पडायचे. सारखे, एका आकाराचे, एका ओळीत.

“हे दव आहे का शर्टाची बटणं?” थोरलीने विचारलं.

धाकटीला ते लागलं. दुसऱ्या दिवशी पहाट होताच ती मला पर्समध्ये टाकून बागेत गेली आणि गुलाबाच्या वाफ्यापाशी चक्क पोटावर आडवी झाली. रखवालदार धावत आला.

“ताई, चक्कर आली का?”

“नाही, दव बघतेय.”

“उभं राहून दिसत नाही?”

“उभं राहून वरून दिसतं. मला बाजूने बघायचंय.”

रखवालदाराने इकडेतिकडे बघितलं, आणि मग तोही गुडघ्यावर बसला. त्या दिवशी आम्हाला कळलं की दोन थेंब कधी सारखे नसतात. मोठा थेंब पाकळीच्या खालच्या काठाकडे घरंगळून बसलेला असतो, बारीक थेंब वर त्याची पोरं असल्यासारखे विखुरलेले. आणि एखादा थेंब पाकळीच्या अगदी टोकाला लोंबकळत असतो. पडत नाही, मागेही जात नाही. धाकटी त्याच्याकडे किती तरी वेळ श्वास रोखून बघत राहिली.

त्याचं नाव तिने ‘पडू-का-नको’ ठेवलं. त्यानंतर आमच्या प्रत्येक गुलाबावर, सगळं दव पाडून झालं की शेवटी एक पडू-का-नको यायचा. पाक किंचित जास्त घट्ट, थोरलीने तार धरलेली, धाकटीचं मनगट थोरलीच्या पालथ्या हातावर टेकलेलं. दोघींपैकी एकीचा हात जरी हलला तरी थेंब जायचा. म्हणून त्या वेळी खोलीत कोणी बोलायचं नाही. फ्रीजसुद्धा कुरकुर थांबवायचा.

मित्रांनो, काय दिवस होते ते. आमचं दव बघून एक मधमाशी खिडकीतून आत आली, एक घोट प्यायली आणि जाऊन सगळं पोळं घेऊन आली. एका समारंभात एक गृहस्थ केकजवळ छत्री उघडून उभे राहिले, दव फार पडतंय म्हणून. एक गोगलगाय रस्त्यापलीकडच्या कुंडीतून आमचा गुलाब खायला निघाली आणि पोचेपर्यंत तिची नात मोठी झाली. यातलं निम्मं खरं आहे. कुठलं निम्मं ते मी सांगणार नाही.

लोक धाकटीला म्हणायचे, “हात लावून बघू का? खरंच ओलं आहे का?” आणि ती म्हणायची, “लावा, पण बोट परत मिळेल याची हमी नाही.” थोरली मागे उभी राहून हसायची. फुलांचं कौतुक कमी आणि दवाचं जास्त व्हायचं, तरी हसायची. मी तिच्याकडे जरा बारकाईने बघायला हवं होतं. पण तेव्हा मीही कौतुकाने फुगलेलो होतो. माझी टोपीच फुगण्यासाठी केलेली, त्याला मी काय करणार.

मग तो लग्नाचा केक आला. पांढराशुभ्र, चार मजली, आणि वर एकच मोठा गुलाब. थोरलीने त्यासाठी कधी केला नव्हता असा गुलाब केला. पाकळ्यांतून उजेड आरपार जायचा. संध्याकाळी धाकटीने दव पाडलं, टोकाला पडू-का-नको लटकवला, आणि ती निघून गेली.

थोरली एकटीच राहिली. त्या दिवशी फार उकडत होतं. ती गुलाबाभोवती फेऱ्या मारत होती. पाकळी मऊ तर पडणार नाही ना, दव ओघळणार तर नाही ना. मी टेबलावरून सगळं बघत होतो. शेवटी तिने फ्रीजचं दार उघडलं, वरच्या कप्प्यातलं बटर खाली सरकवलं आणि थर्माकोलच्या ठोकळ्यासकट गुलाब आत ठेवला.

साखरेचं फूल फ्रीजमध्ये ठेवायचं नसतं, मित्रांनो. हे या कामातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. थोरलीने स्वतः कितीजणींना ते शिकवलं होतं. गार झालेलं फूल बाहेर काढलं की त्याला घाम फुटतो. खरं पाणी, खरं दव. आणि खऱ्या दवासारखा आमच्या दवाचा दुसरा शत्रू नाही. पण भीती वाटली की माणूस नेमकी तीच गोष्ट करतो, जी करू नको असं तो दुसऱ्यांना सांगत असतो.

सकाळी धाकटी यायच्या आत तिने गुलाब बाहेर काढून केकवर बसवला. ठोकळा फ्रीजमध्येच राहिला. मग धाकटी आली आणि कुठे काही दुरुस्ती लागली तर असावा म्हणून मला पाक भरूनच सोबत घेतलं. हॉलमध्ये पोचेपर्यंत गुलाब घामाने डबडबला. तो घाम पाकळीच्या टोकाशी गेला, त्याने पडू-का-नकोला सैल केलं, आणि सगळ्या पाहुण्यांसमोर तो थेंब सुटला. चार मजले खाली घसरत गेला. पांढऱ्या आयसिंगवर वरपासून खालपर्यंत एक लांब ओघळ. केक रडल्यासारखा दिसत होता. नवरीची आई काही बोलली नाही, पण तिने केकची ती बाजू भिंतीकडे फिरवली. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

खोलीत परत आल्यावर थोरली फुटली.

“तुझ्या त्या लोंबत्या थेंबाने माझ्या फुलाचं वाटोळं केलं.”

“तुझं फूल?” धाकटी म्हणाली. “दव नसतं ना ताई, तर तुझं फूल म्हणजे कोबी आहे. रंगवलेला कोबी.”

“मग जिथे कोबी नसेल तिथे जा ना. इथे का थांबलीस?”

टक्. ऐकू आला का तुम्हाला? मला आला.

धाकटीने मला टेबलावर टाकलं. ती तिची पाण्याची बाटली घ्यायला फ्रीजपाशी गेली, दार उघडलं आणि तशीच उभी राहिली. वरच्या कप्प्यात थर्माकोलचा ठोकळा होता. मधोमध तारेचं भोक, भोवती गुलाबी साखरेची भुकटी. बटर खालच्या कप्प्यात. तिने दार हळूच लावलं. मग ती उंबऱ्याशी जाऊन चपला घालायला लागली. चपलेचा पट्टा लावायला तिला फार वेळ लागला. लावायची, काढायची, परत लावायची. थोरली तिच्याकडे पाठ करून टेबल पुसत होती. जे टेबल स्वच्छच होतं ते.

‘बोला ना गं एकमेकींशी’ असं मला ओरडून सांगायचं होतं. पण माझ्या घशात पाक होता. धाकटीने त्या दिवशी पहिल्यांदाच मला न धुता टाकलं होतं. दार लागलं आणि तो पाक माझ्या घशातच वाळायला लागला.

त्यानंतर मी डब्यात गेलो.

नोझलचा पत्र्याचा डबा होता तो. नोझल म्हणजे आयसिंगच्या पिशवीच्या तोंडाला लावायच्या दातेरी टोप्या. बडबड्या जमात. मी त्यांच्यापेक्षा उंच, त्यामुळे डब्याचं झाकण नीट बसायचं नाही, आणि त्या फटीतून मला अर्धं टेबल दिसायचं. माझ्या वाट्याला जग तेवढंच राहिलं. अर्धं टेबल, थोरलीचे हात, आणि चहाचा कप.

सुरुवातीला दोन कप असायचे. ती चहा ओतायची, दोन्ही कप टेबलावर ठेवायची, मग एक उचलून परत न्यायची. कितीतरी दिवस असं चाललं. नंतर ती एकच कप काढायला शिकली. मला वाटतं, मला सगळ्यात वाईट वाटलं ते त्या दिवशी.

दव मागायला लोक येतच राहिले.

“ते थेंबवाले गुलाब मिळतील का?”

“आमच्याकडे आता दव पडत नाही,” थोरली म्हणायची.

कोणी फार आग्रह केला तर तेवढ्यापुरती ती दातकोरण्याच्या टोकाने पाक लावायची. थेंब सारखे, एका आकाराचे, एका ओळीत. बटणं. लावून झाले की फुलाकडे बघायची आणि केक लवकर खोक्यात घालायची.

माझं काय झालं ते सांगतो. घशातला पाक वाळून खडीसाखरेसारखा कडक झाला. आणि रबराचं असं असतं, की त्याला कोणी दाबलं नाही तर ते निवांत पडून राहत नाही, कडक होतं आणि चिरतं. वर टोपी तडकलेली, खाली घसा बंद. नोझल रोज नवीन क्रीम तोंडात धरून बाहेर जायच्या आणि येऊन गप्पा हाणायच्या. मी त्यांना गोगलगायीची गोष्ट सांगावी म्हटलं, तर आवाज फुटेना. धाकटीचा शेवटचा थेंब माझ्या गळ्यात, आणि तो ज्या पाकळीवर ठेवायचा ती पाकळीच नाही. असे ऋतू गेले. खिडकीसमोरच्या भिंतीला दोनदा नवीन रंग लागला, एवढं मला उजेडावरून कळलं.

एके दिवशी दुपारी टेबलाशी एक नवीन आवाज आला.

“मावशी, ओळखलंस का?”

थोरलीचे हात लाटण्यावर थांबले. “चालतेस अगदी तिच्यासारखी,” ती म्हणाली. “ये, बस. त्या स्टुलावर नको, त्यावर रंग सांडलाय.”

धाकटीची मुलगी होती ती. लहानपणी या टेबलाखाली बसून साखरेच्या कणकेचे उंदीर करायची.

“आईचा वाढदिवस आहे,” भाची म्हणाली. “केक तू कर. एकच गुलाब, बाकी काही नको. पण दव असलेला.”

“दव माझं काम नव्हतं कधी. ते तुझ्या आईचं.”

“म्हणून तर.”

“तिने सांगितलंय?”

“तिला माहीतच नाही. सांगितलं असतं तर म्हणाली असती, कोबीची भाजीच कर त्यापेक्षा.”

थोरली हसली नाही, पण तिच्या हाताने लाटण्याला एक टप्पल मारली. “अजून म्हणते का ती?”

“बाजारात कोबी दिसला की रस्ता बदलते. आम्ही कित्येक वर्षं कोबी खाल्लेला नाही, मावशी. नक्की काय झालं होतं तुमचं?”

थोरली परत लाटायला लागली. भाची उठता उठता म्हणाली, “आणि फार उकडतंय, तयार झाला की फ्रीजमध्ये ठेव हां.”

“फ्रीजचं नाव काढू नकोस,” थोरली एकदम म्हणाली. मग हळू आवाजात, “एकदा ठेवलं होतं.”

भाचीला त्यातलं काही कळलं नाही. मला कळलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने ते तोंडातून बाहेर काढलं होतं, आणि तेही अर्धंच. उरलेलं अर्धं तिच्या घशात होतं. म्हणजे आम्ही दोघं सारखेच.

भाची गेल्यावर थोरलीने डब्याचं झाकण काढलं आणि मला उचललं. उजेडाकडे धरलं. माझ्या गळ्यात पिवळसर झालेला तो खडा चमकत होता.

“तिचा आहे,” ती स्वतःशीच म्हणाली.

गरम पाणी घातलं असतं तर खडा पटकन विरघळला असता, पण काचही तडकली असती. तिने वाटीत कोमट पाणी घेतलं, मला त्यात आडवं ठेवलं आणि समोर बसून राहिली. पाणी गार झालं की बदलायची. दुसरं काही काम केलं नाही तिने त्या दुपारी. हळूहळू खडा सुटला, पाण्यात एक बारीक रेघ उठली, आणि माझ्या गळ्यातून पहिल्यांदा हवा गेली. ते पाणी तिने बेसिनमध्ये ओतलं नाही. खिडकीतल्या कुंडीत ओतलं. त्या झाडाला पुढे गोड फुलं आली, असं मी म्हणत नाही, मुंग्या म्हणतात.

मग ती औषधाच्या दुकानात गेली आणि माझ्यासाठी नवीन टोपी घेऊन आली. लाल. या वयात लाल टोपी, पण मी काही बोललो नाही.

मग आमचा सराव सुरू झाला. गुलाब तिने एका दमात केला, तिचे हात ते काम विसरले नव्हते. पण दव काही केल्या जमेना. तिचा हात आता कापायचा. आणि तार धरायला, मनगटाखाली पालथा हात ठेवायला कोणी नव्हतं. डाव्या हातात फूल, उजव्या हातात मी. थेंब कधी पाकळीच्या पाठीवर, कधी टेबलावर, एकदा तर तिच्या चष्म्यावर. ती चिडायची नाही. ओल्या फडक्याने पुसायची आणि परत सुरू करायची. ताटलीवर थेंब गोल बसला की मी वाट बघायचो, आता म्हणेल, चल रे, सकाळ झाली. ती म्हणायची नाही. ते तिचं वाक्य नव्हतं.

शेवटी लहान थेंब जमले. विखुरलेले, छोटे-मोठे, खरे वाटणारे. अगदी निघायच्या आधी, कोपर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर टेकवून तिने टोकाला एक पडू-का-नकोही लटकवला. मोठा सुंदर नव्हता, पण होता.

केक घेऊन गाडीत बसली तेव्हा मी तिच्या पर्समध्ये होतो, शेजारी पाकाची छोटी बाटली. गाडीवाला आरशातून मागे बघत म्हणाला, “आजी, खोक्यात बाळ आहे का?”

“बाळापेक्षा नाजूक आहे. खड्डा दिसला की थांब, आणि खाली उतरून त्याला विचार, जाऊ का म्हणून.”

त्याने खरंच बऱ्याच खड्ड्यांना विचारलं. एक सोडून.

भाचीने दार उघडलं. थोरली हळू आवाजात म्हणाली, “ठेवते आणि जाते. मला बघितल्यावर तिचा वाढदिवस नासायला नको.” जेवणाच्या टेबलावर तिने खोकं उघडलं. गुलाब जागच्या जागी होता, लहान थेंब होते. टोक रिकामं होतं. पडू-का-नको वाटेत कुठेतरी पडला होता.

आता जायचं तर तसंच जाता आलं असतं. भाची म्हणालीही, “मावशी, छान दिसतोय, राहू दे.” थोरलीने मान हलवली आणि पर्समधून मला काढलं. मी पाक भरून घेतला. ती वाकली. माझं तोंड पाकळीच्या टोकाशी गेलं आणि थरथरायला लागलं. पुढे, मागे, वर, खाली. मी कितीही स्थिर राहायचं म्हटलं तरी मी तिच्या हातात होतो. थेंब निघेना.

तेवढ्यात आतल्या खोलीतून पावलं आली. मला ती चाल माहीत होती. पावलं दाराशी थांबली. थोरली वाकलेलीच राहिली, तिने वर बघितलं नाही.

मग पावलं टेबलाला वळसा घालून जवळ आली, आणि थोरलीच्या कापणाऱ्या मनगटाखाली एक पालथा हात येऊन टेकला.

“श्वास सोड आधी,” धाकटी म्हणाली. “मग दाब. हळू. त्याला कळता कामा नये.”

थोरलीने श्वास सोडला. मी थांबलो. थेंब माझ्या तोंडाशी आला, गोल झाला, पाकळीच्या टोकाला टेकला आणि लटकला. पडत नव्हता, मागेही जात नव्हता. दोघी तशाच वाकून बघत राहिल्या. त्यांच्या श्वासाने तो हलला, पण सुटला नाही.

“फ्रीजमध्ये मी ठेवला होता,” थोरली म्हणाली. थेंबाकडे बघतच. “तू गेल्यावर. तुझा थेंब ठीक होता.”

“ठाऊक आहे.”

“कधीपासून?”

“ठोकळा वरच्या कप्प्यात, बटर खाली. मी काय आंधळी होते?”

“मग बोलली का नाहीस?”

“चपलेचा पट्टा लावत उभी होते की,” धाकटी म्हणाली. “किती वेळ लावत होते. बोलायचं तुला होतं, ताई.”

थोरलीने मला खाली ठेवलं, कारण तिला डोळे पुसायला हात हवा होता. धाकटीने केकभोवती एक चक्कर मारली. वाकून गुलाब एका बाजूने बघितला, मग दुसऱ्या बाजूने.

“कोबी बरा जमलाय,” ती म्हणाली.

“दव नसतं तर कोबीच होता.”

भाची दारात उभी होती. तिला रडावं का हसावं कळेना, म्हणून ती सुरी आणायला आत गेली.

केक खाल्ला, गुलाब मात्र कोणी खाल्ला नाही. साखरेचं फूल कोरड्या जागी, काचेखाली ठेवलं तर वर्षानुवर्षं टिकतं. तो गुलाब धाकटीच्या कपाटात उलट्या काचेच्या भांड्याखाली उभा आहे, आणि टोकाला तो थेंब अजून विचार करतोय. पडू का नको. हे मात्र सगळंच्या सगळं खरं आहे.

आणि मी? त्या संध्याकाळी धाकटीने मला कोमट पाण्याने धुतलं. आतून, बाहेरून, तीन-तीनदा, जणू तेव्हाचं आत्ता धूत होती. मग तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एका पेल्यात उभं करून ठेवलं. थोरली जाताना मला विसरली.

दोघींचे हात आता म्हातारे झाले, दव पाडायचं काम फारसं निघत नाही. दिवसचे दिवस मी या पेल्यात एकटाच उभा असतो. समोर भिंत नाही, आभाळ आहे, एवढाच फरक. माझ्या जुळ्याची आठवण येते. तो कुठल्या तरी बाटलीत पाय बुडवून बसला असेल, आणि त्यालाही टक् असा आवाज आठवत असेल.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगणं आहे, मित्रांनो. काम झालं की आम्हाला धुऊन ठेवत जा. रागावून उठलात तरी आधी धुवा, मग रागवा. आमच्या गळ्यात काही राहू देऊ नका, आणि तुमच्याही. पहिल्या दिवशी ते कोमट पाण्यानेही निघतं. आणि रबराला अधूनमधून उगीचच दाबत जा. काही काम नसलं तरी. नुसतं, आहेस ना, विचारायला.

थोरली दर आठवड्याला येते. “माझा ड्रॉपर राहिलाय इथे,” दारातूनच सांगते. मग आत येते, मला हातात घेते, लाल टोपी एकदा दाबून बघते आणि परत पेल्यात ठेवते. धाकटी दोन कप चहा ओतते. आणि जाताना थोरली मला न्यायचं परत विसरते.